गवयाच्या हातांतील कट्यार

गाण्याची बैठक ही थरारकथेस सोयीची जागा नव्हे, असा आपल्याकडे समज आहे. पाश्चात्त्य संगीतापुरता तो केव्हांच खोटा ठरला. आल्फ्रेड हिचकॉक यानें ‘द मॅन हू न्यू टू मच’ हा बोलपट 1934 सालीं काढला आणि 1956 सालीं पुन्हा नव्यानें रचला. दोन्ही वेळां लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्यें, भरल्या सभेंत, एका परकीय मुत्सद्द्याचा खून व्हावयाचा असतो. आणि गोळी केव्हां झाडावयाची तें ठरतें आर्थर बेंजामिन याच्या एका रचनेवरून. दुसऱ्या बोलपटांत तर झांजांचा एकच आघात व्हावा आणि त्यांत पिस्तुलाचा आवाज बुडून जावा, असा बेत आहे. सूर न् सूर कागदावर उतरलेला असल्यामुळें मारेकऱ्यास घड्याळाची गरजच पडत नाहीं. प्रेक्षक त्या झांजवाल्याकडे डोळे लावून बसतो, आणि एवढा वाद्यवृंद चालू असतां त्याला दुसरें कांहीं ऐकूं येत नाहीं.

आतां हाच बेत आपल्या बैठकींत बसवून पाहावा. बिचारा मारेकरी! समेवर गोळी झाडूं म्हणेल तर सम दर आवर्तनाला येते. त्यांतली कोणती गांठावयाची? तान संपत आली असें वाटावें, श्रोत्यांनीं दाद देण्यास हात उचलावा, आणि तेवढ्यांत गवयानें पुन्हा मंद्रांत उतरावें. पुढच्या क्षणीं आपण कोठें असूं हें जेथें खुद्द गाणाऱ्यास ठाऊक नाहीं, तेथें मारेकऱ्यास तें कोण सांगणार?

या अडचणींतून वाट काढली ती नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांनीं. त्यांचें ‘कट्यार काळजात घुसली’ हें नाटक 1967 सालीं नाट्यसंपदेनें रंगभूमीवर आणलें; संगीत जितेंद्र अभिषेकी यांचें. संगीत नाटक म्हणून तें वाखाणलें गेलें तें योग्यच. पण रहस्यकथा म्हणून त्याकडे सहसा कोणी पाहत नाहीं. वास्तविक रहस्यकथेचें सारें सामान त्यांत आहे: संस्थानी दरबार, हवेली, दोन प्रतिस्पर्धी गवई, आणि राजगायकास मिळणारी ती कट्यार, जिच्या बळावर त्यास एक खून माफ. हा कायदा जरा ओढूनताणून आणलेला आहे, हें कबूल केलें पाहिजे.

परंतु नाटकांतला खरा गुन्हा खुनाचा नव्हे, चोरीचा आहे. पंडितजींकडे शिकण्याच्या आशेनें आलेला सदाशिव शेवटीं खांसाहेब आफताब हुसेन यांची गायकी चोरून ऐकूं लागतो. ग्वाल्हेरच्या हद्दू-हस्सू खां यांनीं बडे महंमद खां यांचें गाणें आडून ऐकून उचललें, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. तेव्हां ही चोरी आपल्या संगीतांत नवी नाहीं. ह्या चोरीचा मुद्देमाल चोराच्या गळ्यांत असतो. तो दडवावयाचा तर गाणें बंद. आणि गाइलें कीं चोर सांपडला. चोरी केली ती तर गाण्यासाठींच! एवढ्या अवघड जागीं आपला नायक उभा करणारा रहस्यकथालेखक आम्हांस दुसरा आठवत नाहीं. कट्यार उगारली जाते ती या चोरावर. आणि ती चालत नाहीं, कारण जो कान चोरी ओळखतो तोच कान चोरलेल्या मालाचें मोलही ओळखतो. अल्बर्ट हॉलमध्यें नेम चुकतो तो एका बाईच्या किंकाळीनें; येथें मारेकरी स्वतःच श्रोता होतो.

खांसाहेबांची भूमिका वसंतराव देशपांडे यांनीं केली. ते आमच्या वऱ्हाडांतले; जन्म मूर्तिजापूरचा, 1920 सालचा. अंजनगांव सुर्जीवरून अचलपुरास जाणारी ‘शकुंतला’ ही अरुंद रुळांची गाडी त्याच मूर्तिजापुराहून सुटत असे; ती बंद पडली, तरी येथील रसिक वसंतरावांस आपल्या वाटेवरचेच समजतात. नागपुरास शंकरराव सप्रे, लाहोरास असद अली खां, पुढें सुरेशबाबू माने आणि अमान अली खां, असें जेथें मिळेल तेथून विद्या घेत ते हिंडले. अशा मनुष्यानें रंगभूमीवर मात्र आपल्या घराण्याचा सूर दाराबाहेर जाऊं न देणारा गवई उभा केला, आणि तो खरा वाटला! खांसाहेबांची कुचंबणा त्यांनीं सदाशिवाच्या बाजूनें पाहिली होती, म्हणूनच तो अहंकार कोरडा झाला नाहीं, असें आम्हांस वाटतें.

सुबोध भावे यांनीं 2015 सालीं काढलेल्या चित्रपटाविषयीं इतकें म्हणतां येत नाहीं. देखणेपणांत तो कमी नाहीं, आणि त्यानें हें संगीत एका नव्या पिढीपर्यंत नेलें. पण खांसाहेब म्हणून सचिन पिळगांवकर दिसतात आणि गळा ऐकूं येतो तो राहुल देशपांडे यांचा, म्हणजे वसंतरावांच्या नातवाचा. गाणें उत्तम, परंतु आधींच मुद्रित झालेलें. नाटकांत तान फसण्याचें भय दर प्रयोगास खरें होतें. येथें तें उरत नाहीं, आणि मग उत्कंठेचें ओझें पंडितजींस खाऊं घातलेल्या शेंदरावर येऊन पडतें. विषप्रयोग कोणत्याही कथेंत चालला असता. त्याला गवई लागत नाहीं.