सेकंदाला १५,६२५ रेषा

जुन्या घरगुती संगणकांच्या संग्रहात शिरलो की आपली नजर आधी यंत्रांकडे धावते. स्पेक्ट्रमच्या रबरी कळा, बीबीसी मायक्रोच्या तांबड्या फंक्शन-कळांची ओळ, कमोडोर ६४ चा फुगीर तपकिरी देह, शेजारी अमिगाचा ऐसपैस पांढुरका पसारा: प्रत्येकाचा थाट निराळा, आणि उमेदीच्या काळात एकमेकांशी उभे वैर. पण या मानकऱ्यांना क्षणभर बाजूला बसवू आणि टेबलावरच्या त्या एकट्या, जडशीळ मॉनिटरकडे पाहू. जागेची नि पैशाची काटकसर म्हणून सगळ्यांसाठी एकच पडदा ठेवला जातो, आणि बघता बघता तोच संग्रहाचा अलंकार होऊन बसतो.

समजा, हा कमोडोरचा १०८४ आहे. त्याचे सौंदर्य दर्शनी भागात नाही. हलक्या हाताने त्याला वळवून घेऊ. पाठीवर एक खोबण कंपोझिटची, जिथे उजेड आणि रंग एकाच तारेत गुंफलेले येतात. दुसरी जोडी अशी की उजेड एकीकडून येतो, रंग दुसरीकडून. शिवाय लाल, हिरवा आणि निळा यांना आपापली स्वतंत्र वाट देणारी सोय, तीही डिजिटल आणि ॲनालॉग अशी दुहेरी. पाहुणा कोणत्या चालीचा आहे हे ओळखून ज्याने दार आधीच उघडून ठेवले, अशा यजमानाची ही पाठ आहे!

आता एकेकाला बोलावू. मूळ ४८के स्पेक्ट्रमला टीव्हीच्या अँटेनातूनच बोलणे ठाऊक. हौशी लोक त्याचा मॉड्युलेटर वगळून आतला कंपोझिट संकेत बाहेर काढतात. आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटीत दोनच रंग, हा त्याचा दंडक. त्यामुळे एका आकृतीचा रंग दुसरीला सहज विटाळतो. पण कंपोझिटच्या किंचित ओलसर कडांमुळे तो दोषही रंगपेटीतल्या चुकीसारखा लोभस वाटतो. मग बीबीसी मायक्रो. त्याचे तिन्ही रंग एकतर पूर्ण पेटलेले, नाहीतर पूर्ण विझलेले, म्हणून छटा आठच. पण अक्षरे अशी कोरीव, की मास्तरांनी फळ्यावर नवा खडू टेकवावा. कमोडोर ६४ उजेड आणि रंग वेगवेगळे पाठवतो, आणि निळ्यावरच्या फिक्या निळ्या अक्षरांना एक मऊ भरीवपणा येतो. शेवटी अमिगा: प्रत्येक मूळ रंगाच्या सोळा पायऱ्या, म्हणजे ४०९६ छटांचे भांडार, आणि काच तीच असूनही खोलीत वेगळाच प्रकाश पडल्याचा भास. चौघे चार वेगळ्या पडद्यांवर पाहिले असते तर कोणता गुण यंत्राचा आणि कोणता काचेचा, हे आपल्याला कधीच कळले नसते.

पण या वैऱ्यांना एका काचेमागे नांदवले कुणी? घरातल्या टीव्हीने. घरगुती संगणक विकायचा तर वेगळा पडदा घ्यायला लावून चालणार नव्हते. म्हणून युरोपात विकल्या जाणाऱ्या या सर्वांनी पाल पद्धतीचा ताल स्वीकारला: ६२५ रेषांचे चित्र, सेकंदाला पंचवीस वेळा, म्हणजे सेकंदाला १५,६२५ रेषा. तोच ताल आपल्या दूरदर्शनचा. १९८२ साली, आशियाई खेळांच्या वर्षी, आपल्याकडे रंगीत प्रक्षेपण आले. स्पेक्ट्रम आणि कमोडोर ६४ बाजारात उतरले तेही त्याच वर्षी. पुढे बीबीसी मायक्रो मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये 'युनिकॉर्न' नावाने बनू लागला, स्पेक्ट्रमचा 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' हा परवानाधारक भारतीय अवतारही निघाला. ज्या घरी संगणक टीव्हीला जोडायचा, तिथे १९८७ च्या रविवारी सकाळी 'रामायणा'पुढे त्याची काय मिजास चालली असेल, हे सांगायलाच नको.

नागपूरहून दक्षिणेला निघालेल्या गाड्या जाम गावापर्यंत एकाच सडकेने धावतात. हैदराबादकडे आणि वरोऱ्यावरून चंद्रपूरकडे अशा वाटा तिथे फुटतात. आपले संगणकही या १५,६२५ च्या सडकेपुरते सोबती. एक बारकावा मात्र चाखायलाच हवा. हे संगणक बहुतेक वेळा पूर्ण ६२५ रेषा रंगवत नाहीत. सुमारे ३१२ रेषांचा एकच संच सेकंदाला पन्नास वेळा त्याच जागी गिरवतात. मधल्या रेषा काळ्याच राहतात, आणि त्या काळोखाच्या विणीतून ठिपक्यांना ती ओळखीची झळाळी येते. सपाट पडद्याचे टीव्ही अनेकदा या संकेताचा अर्थ चुकीचा लावतात आणि वीण उसवून टाकतात. शिवाय हा ताल कानांनाही लागतो: मॉनिटरमधल्या ट्रान्सफॉर्मरची बारीक शीळ पोरांना स्वच्छ ऐकू येते, पन्नाशीतल्या संग्राहकाला बहुधा नाही. मुलगी कान झाकते आणि बाबा म्हणतात, कुठे काय वाजतंय?

या मैत्रीला हद्द आहे, तीही गोड. १९८७ चे व्हीजीए सेकंदाला जवळपास दुप्पट रेषा मागते, म्हणून ते या टेबलाबाहेर. अटारी एसटी या संगणकाची कृष्णधवल तऱ्हा तर आणखी घाईची, सुमारे ३५,७०० रेषांची. तिच्यासाठी एसएम१२४ हा वेगळाच मॉनिटर लागतो. रंगीत तऱ्हेत मात्र तोच एसटी निमूटपणे जुन्या तालावर येतो. तेव्हा अमिगाची केबल काढावी, एसटीची खोचावी आणि त्याला रंगीतच चालू करावे.