झडपेवरची गुठळी आणि ‘शस्त्रक्रिया उपलब्ध नसल्यास’

आजचा विषय तसा अरुंद आहे. हृदयात कृत्रिम झडप बसवलेल्या माणसाच्या झडपेवर रक्ताची गुठळी झाली तर काय करायचं? उपचार तर सांगतोच, पण मला जास्त बोलायचंय ते या उपचारांबद्दल जे लिहिलं गेलंय त्याच्याबद्दल.

आपल्याकडे झडप बसते ती बऱ्याचदा लहानपणी ऱ्हुमॅटिक ताप येऊन गेलेल्या तरुण माणसाला. तरुणांत प्राण्याच्या ऊतीची झडप लवकर झिजते, म्हणून यांत्रिक झडप. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने बनवलेली देशी झडप 1990 मध्ये पहिल्यांदा माणसाला बसवली गेली, त्यामुळे खर्चही आवाक्यात आला. पण यांत्रिक झडप म्हणजे जन्मभर रक्त पातळ ठेवण्याची गोळी आणि आयएनआरची तपासणी. गोळी चुकली की गुठळी धरते, पाती अडकते. घरच्यांनाही ऐकू येणारी झडपेची टिकटिक मंद होते आणि दम लागायला सुरुवात होते.

अशा वेळी दोन वाटा: छाती पुन्हा उघडून झडप बदलायची, नाहीतर गुठळी विरघळवणारं औषध शिरेतून द्यायचं. डाव्या बाजूच्या झडपेसाठी अमेरिकन मार्गदर्शक सूचनांचा कल 2014 मध्ये शस्त्रक्रियेकडे होता. 2017 मध्ये त्यांनी तातडीची शस्त्रक्रिया आणि कमी मात्रेत हळू दिलेलं औषध यांना एका पातळीवर आणलं. 2021 च्या युरोपियन सूचना अत्यवस्थ रुग्णाला आधी शस्त्रक्रियाच सांगत होत्या. औषध कधी? तर शस्त्रक्रिया उपलब्ध नसल्यास, किंवा तिचा धोका फार असल्यास.

माझा आक्षेप या ‘उपलब्ध नसल्यास’ला आहे. तिथे ते पोटवाक्य आहे. जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरसाठी तेच अख्खं पुस्तक. औषधाची मात्रा त्यात सापडते हो. पण रात्री एको करायला कुणी नसेल तर? रुग्णाला मोठ्या शहरात पाठवायचं, की इथेच औषध सुरू करून मग पाठवायचं? इथे ती सूचना गप्प बसते.

म्हणूनच दिल्लीच्या एम्समधल्या, 2009 मध्ये छापून आलेल्या चाचणीला मी मान देतो. 120 रुग्ण, औषध स्ट्रेप्टोकायनेज, म्हणजे आपल्याला परवडणारं. एका गटाला नेहमीच्या पद्धतीने, अडीच लाख युनिट आधी आणि मग तासाला एक लाख. दुसऱ्याला 15 लाख युनिट एका तासात. जलद गटात साधारण 64 टक्के पूर्ण बरे झाले, नेहमीच्या गटात 53. हा फरक निर्णायक ठरला नाही. महत्त्वाचं वेगळंच आहे: औषध आपण समजत होतो तितकं गुणकारी नाही, आणि बसल्याजागी दम लागणाऱ्यांत तर यश फारच कमी, हे या लोकांनी आडपडदा न ठेवता छापलं. स्वतःच्याच उपचाराची किंमत कमी करणारा आकडा छापायला धैर्य लागतं.

याच्या शेजारी तुर्कस्तानातलं काम ठेवा. तिथे टीपीए हे औषध फक्त 25 मिलिग्रॅम, तेही 25 तासांत, थेंबाथेंबाने दिलं. यश 90 टक्के सांगितलं. आकडा ऐकून हुरळायला होतं, पण त्या अभ्यासात तुलनेला दुसरा गटच नव्हता. शिवाय यश कशाला म्हणायचं याची व्याख्याही दोन्हीकडे सारखी नाही. तेव्हा 90 आणि 64 शेजारी मांडून ‘तुर्की पद्धत श्रेष्ठ’ म्हणणं म्हणजे दोन वेगळ्या तराजूंवरचं वजन एकाच वहीत लिहिणं. आणि त्या पद्धतीत अन्ननलिकेतून एको पुन्हा पुन्हा करावा लागतो. औषध स्ट्रेप्टोकायनेजपेक्षा बरंच महाग, ते वेगळंच.

तरी हळू देण्याची कल्पना मला पटते. गुठळीचा तुकडा सुटून मेंदूत गेला तर पक्षाघात होतो, आणि औषधाने मेंदूत रक्तस्राव झाला तरीही. घाई टाळण्याला अर्थ आहे.

कुणी विचारेल, आयएनआर न लागणाऱ्या नव्या गोळ्या का देत नाही? डॅबिगॅट्रान यांत्रिक झडपांवर वापरून पाहिलं; गुठळ्याही जास्त, रक्तस्रावही जास्त, चाचणी थांबवावी लागली. 2013 मध्ये ते छापून आलं. म्हणजे जुनी गोळी आणि तपासणी, यातून सुटका नाही. आणि तपासणी तालुक्याला होत नसेल, तर एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी हासुद्धा या आजाराच्या कारणांचाच भाग. संशोधनात याचा उल्लेख बहुधा ‘औषध अनियमित घेतले’ एवढाच. रुग्णाच्या माथी मारून मोकळे!

इथे दिल्लीच्या चाचणीचंही एक उणं सांगायला हवं. तिने फक्त पहिल्यांदा गुठळी झालेले रुग्ण घेतले. चाचणी म्हणून ते बरोबरच. पण स्ट्रेप्टोकायनेज एकदा दिलं की शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. काही महिन्यांत तोच माणूस परत आला तर तेच औषध नीट लागू पडेल याची खात्री नसते, ॲलर्जीचाही धोका असतो. म्हणजे स्वस्त वाट जवळपास एकदाचीच. गोळी तीच, तपासणीचं अंतर तेच, तेव्हा परत येणारे येतातच. त्यांच्यासाठी त्या 64 आणि 53 मध्ये काहीच नाही.