छापलेला स्वर : बार्बरा स्त्रोत्सीची गाणी

ड्रेस्डेनच्या चित्रसंग्रहालयात सतराव्या शतकातले एक व्यक्तिचित्र आहे. चित्रकार बेर्नार्दो स्त्रोत्सी. हातात व्हिओला दा गाम्बा घेतलेली तरुणी, केसांत फुले, एक स्तन उघडा. जवळ व्हायोलिन आणि गाण्याची वही. ही बार्बरा स्त्रोत्सी असावी, असे अभ्यासक मानतात. ती गणिका होती का, यावर या चित्राच्या आधाराने पुष्कळ लिहिले गेले. शेजारच्या वहीकडे मात्र फार थोड्यांनी लक्ष दिले. स्त्रोत्सीची उपेक्षा झाली ती अशी.

बार्बराचा जन्म 1619चा, व्हेनिसमधला. आई इझाबेला गार्झोनी ही कवी जूलिओ स्त्रोत्सी यांच्या घरची सेविका. जूलिओंनी बार्बराला आपली ‘मानलेली मुलगी’ म्हटले. ती त्यांचीच असावी, असा बहुतेकांचा कयास. त्यांनी तिला फ्रांचेस्को काव्हाल्लीसारख्या संगीतकाराकडे शिकवले आणि 1637 मध्ये ‘उनिसोनी’ ही विद्वत्सभा स्थापून तिच्या गाण्याला बैठक मिळवून दिली. त्या सभेची टवाळी करणारी हस्तलिखिते लगेच फिरू लागली. त्यांचा रोख तिच्या गाण्यावर नव्हता, तिच्या चारित्र्यावर होता.

1644 ते 1664 या वीस वर्षांत तिने आठ संग्रह छापले. त्यांतला चौथा आज उपलब्ध नाही. उरलेल्या सातांत सव्वाशेच्या आसपास रचना आहेत, बहुतेक एका आवाजासाठी. पहिला संग्रह तोस्कानाची ग्रँड डचेस व्हित्तोरिया देल्ला रोव्हेरे हिला अर्पण केलेला, दुसरा पवित्र रोमन सम्राटाला. दरबारातली वा चर्चमधली कायमची जागा तिला कधी मिळाली नाही. 1652 मध्ये जूलिओ वारले, पण तिचे छापणे थांबले नाही. पदरी चार मुले होती.

या गाण्यांचे मोल कशात आहे? 1659च्या सातव्या संग्रहातले ‘लाग्रिमे मिए’ (माझे अश्रू) घेऊ. सुरुवातीला खालचा आधारस्वर स्थिर राहतो. त्याच स्वराच्या तारसप्तकातून आवाज थबकत, अडखळत खाली उतरतो. आपल्या भाषेत सांगायचे तर तार षड्जावरून शुद्ध निषाद, आणि तिथून थेट कोमल धैवत. भैरव ऐकणाऱ्या कानाला हे अंतर ओळखीचे आहे. निषाद आधारस्वराशी घासतो आणि ती तिथेच रेंगाळते. कवितेतला प्रियकर स्वतःच्या अश्रूंना विचारतो आहे, की तुम्ही वाहत का नाही. आणि ते न वाहणे स्वरांच्या या अडखळण्यातून ऐकू येते. स्वतः गाणाऱ्या रचनाकारालाच दम कुठे रोखायचा हे इतके नेमके कळते.

पण म्हणून हे बार्बराचेच रडणे समजायचे का? या गीतात बोलणारा पुरुष आहे. त्याच्या लिदियाला तिच्या बापाने कोंडले आहे. दुसऱ्या एका विलापिकेचा विषय 1642 मध्ये शिरच्छेद झालेला फ्रेंच दरबारी सँ-मार्स हा आहे. 1978 मध्ये एलन रोझँड यांनी अभ्यासकांचे लक्ष या संगीताकडे वळवले. पुढे बेथ ग्लिक्सन यांनी व्हेनिसची दप्तरे चाळली, तेव्हा कर्जाऊ पैसे देणारी, गुंतवणूक करणारी व्यवहारदक्ष बाई समोर आली. शोकगीत हा तिच्या कसबाचा भाग होता. त्यात तिचे चरित्र शोधणारा सहृदय समीक्षकही शेवटी टवाळखोरांसारखाच गाणे सोडून बाईकडे पाहू लागतो.

तिच्या सगळ्याच रचना या उंचीच्या नाहीत. लहान आरियेत्तांत प्रेमाच्या त्याच त्या तक्रारी येतात. तरी 1664च्या ‘के सी पुओ फारे’मध्ये (काय करणार?) उतरत्या चार स्वरांची आवर्तने खाली चालू असताना वरचा आवाज ज्या मोकळेपणाने त्यांच्या चौकटी ओलांडतो, तो ऐकण्यासारखा आहे.

1677 मध्ये पादोव्हा येथे ती वारली. तिचा आवाज कसा होता, हे आज कुणी सांगू शकत नाही. त्या आवाजासाठी तिने काय लिहिले, ते मात्र तिने स्वतः छापून ठेवले आहे. तिच्याविषयी मत बनवण्यापूर्वी निदान ते ऐकायला हवे.