रूळ, मीठ आणि माडी : १८७८ च्या एका कराराचे वाचन

पुनावळे-चिंचवड परिसरातील काही गोमंतकीय कुटुंबे आजही पुणे, मिरज, लोंढा या मार्गाने गावी जातात. कॅसलरॉक मागे पडले, घाट सुरू झाला आणि दूधसागर दिसू लागला की ‘ही गाडी पोर्तुगिजांनी आणली’ असे वडीलधारे मुलांना सांगतात. हे विधान तपासायचे तर एका राजनैतिक दस्तऐवजाकडे वळावे लागते.

हा करार लिस्बन येथे २६ डिसेंबर १८७८ रोजी, म्हणजे संत स्तेफनाच्या सणादिवशी झाला. इंग्रजांच्या वतीने रॉबर्ट मोरियर आणि पोर्तुगालच्या वतीने परराष्ट्रमंत्री आंद्राद कोर्वो हे त्याचे शिल्पकार. शीर्षकात व्यापार व गुन्हेगारांचे प्रत्यर्पण यांचा उल्लेख आहे, रेल्वेचा नाही. समीक्षकाने येथेच थांबून विचार करावा. मुरगाव बंदर ब्रिटिश मुलखाशी रुळांनी जोडावयाचे, हे गोव्याला दाखविलेले फळ होते. त्याची किंमत पुढील कलमांत सापडते. दोन्ही मुलखांमधील जकातीची भिंत काढली गेली, गोव्यातील मीठ आणि मद्य यांवर ब्रिटिश हद्दीतील करपद्धती लादली गेली, आणि त्याबदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला ४ लाख रुपये मिळावयाचे ठरले.

चार लाख सरकारला; मिठागरात उन्हात राबणाऱ्याला काय? माडावर चढून माडी काढणाऱ्या रेंदेराला काय? करारात या माणसांच्या वस्तू आहेत, माणसे नाहीत. ज्यांच्या भाकरीचा सौदा होत होता त्यांना कोणी विचारल्याचे दिसत नाही. या दस्तऐवजाचा खरा दोष माझ्या मते हाच आहे, त्याची भाषा कितीही सभ्य असो.

तरीही कोर्वो यांना देशबुडवे ठरविणे मला पटत नाही. पाठीमागील मुलखापासून तुटलेले बंदर मरणारच, हे त्यांनी ओळखले होते. धारवाड-हुबळीकडील कापूस मुरगावला उतरावा, ही कल्पना काही खुळी नव्हती. मोरियर यांच्याशीच त्यांनी मे १८७९ मध्ये आफ्रिकेतील लॉरेन्सो मार्क्विस बंदर रेल्वेने ट्रान्सव्हालला जोडण्याचाही करार केला. त्यावर मात्र पोर्तुगालमध्ये एवढा गदारोळ झाला की तो कधीच मंजूर झाला नाही. आफ्रिकेतील बंदरासाठी लिस्बन पेटून उठले आणि गोव्याचा करार अमलात आला, हा भेद बोलका आहे.

रेल्वेसाठी १८८१ मध्ये लंडनमध्ये कंपनी उभी राहिली. भांडवल इंग्रजांचे, त्यावरील व्याजाची हमी मात्र पोर्तुगीज सरकारची. घाटासह मीटरगेज मार्ग १८८८ मध्ये खुला झाला. करार जानेवारी १८८० पासून केवळ १२ वर्षांचा होता, म्हणजे पुरी झालेली वाट त्याच्या छत्राखाली जेमतेम चार वर्षे चालली! १८९२ मध्ये तो संपला. जकातीची चौकी परतली, चार लाख थांबले. अपेक्षेइतका माल मुरगावला आला नाही, आणि १९०२ मध्ये मार्गाचा कारभार सदर्न मराठा रेल्वेकडे गेला. हमीचे ओझे मात्र गोव्याच्या तिजोरीवर राहिले.