सणांचीं नांवें आणि स्वयंपाकघर

कै. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनीं बेने इस्राएल समाजाचा इतिहास १८९७ सालीं लिहिला. तो तेल अवीव येथें १९३७ सालीं छापून निघाला. ग्रंथ इंग्रजींत आहे. तथापि त्यांतील नव्याचा सण, खिरीचा सण, होळीचा सण हीं नांवें अनसिंगसारख्या वऱ्हाडी गांवींहि भाषांतरावांचून कळतील. बिरड्याचा सण मात्र समजावून द्यावा लागेल: यरुशलेमच्या मंदिराच्या नाशाचा तो शोकदिन, आणि त्याचें नांव पडलें कोंकणांतील मोड आलेल्या वालांवरून!

केहीमकरांचा सारा कटाक्ष आपल्या समाजाचें प्राचीनत्व सिद्ध करण्याकडे आहे. त्यामुळें पदार्थ येतात ते साक्षीदार म्हणून. आमच्या मतें ही साक्ष अपुरी घेतली गेली आहे. मांसाबरोबर दूध निषिद्ध, म्हणून रश्शांत नारळाचें दूध आलें. द्राक्षासवाच्या जागीं मनुकांचें सरबत आलें. एलिया संदेष्ट्याच्या नांवें होणाऱ्या मलिद्यांत पोहे, ओलें खोबरें, साखर, वेलदोडे नि फळें असतात. नियम यहुदी राहिला, रुचि कोंकणी झाली. वंशाइतकाच हा मिलाफहि इतिहासच होय.

१९४८ नंतर या समाजांतील बहुतेक कुटुंबें इस्राएलांत गेलीं. नांव ग्रंथांत टिकतें, हाताचें प्रमाण टिकत नाहीं. तें जाणत्या गृहिणींकडून मराठींतच लिहून घेणें, हें या ग्रंथाचें राहिलेलें प्रकरण आहे असें आम्ही समजतों.