नवखा खरंच भाव पाडतो का?

डोमेन नावांची खरेदी-विक्री करणाऱ्या जुन्या व्यापाऱ्यांची एक तक्रार असते. ते म्हणतात, नवखे लोक धंद्यात शिरले आणि भाव पडले. पाच हजार डॉलरला जाणारं नाव हे लोक तीनशेला देऊन टाकतात, मग पुढचं गिऱ्हाईक आमच्याकडेही तीनशेच म्हणतं. ही तक्रार आज आपण तपासून पाहू. आमच्या मते ती अर्धी खरी आहे, आणि जी अर्धी खोटी आहे तीच जास्त मोठ्यानं सांगितली जाते.

आधी हिशेब करू. डॉट कॉम नावांची मूळ नोंदवही व्हेरीसाइन ही अमेरिकन कंपनी सांभाळते. नोंदणी करणाऱ्या कंपन्यांकडून ती एका नावामागे वर्षाला जी रक्कम घेते ती सप्टेंबर २०२४ मध्ये १०.२६ डॉलर झाली. वर थोडा नफा, म्हणून आपण ११ धरू. शंभर नावं घेतली की वर्षाला १,१०० डॉलर आले. धंद्यातला ठोकताळा असा, की शंभरात वर्षाला एखाद-दुसरंच नाव विकलं जातं. समजा एकच विकलं आणि २० टक्के दलाली गेली, तर नुसतं बरोबरीत सुटायला ते १,३७५ डॉलरला जायला हवं. नवखा ते दोनशेला देतो आणि खूश होतो, कारण ते नाव त्याला अकरा डॉलरला पडलेलं असतं. उरलेल्या नव्व्याण्णव नावांचं बिल त्यानं त्यात धरलेलंच नसतं. बाजारात तुरी, तशातली गत.

मग एवढा साठा तो कशाच्या भरवशावर करतो? तर गाजलेल्या विक्रींच्या. २०१९ मध्ये व्हॉइस डॉट कॉम हे नाव तीन कोटी डॉलरला विकलं गेलं. ही बातमी प्रत्येक नवख्याला पाठ असते. पण विकणारं कोण होतं ते बघा. मायक्रोस्ट्रॅटेजी ही सॉफ्टवेअर कंपनी होती. रोजच्या वापरातले काही इंग्रजी शब्द तिनं फार पूर्वी घेऊन ठेवले होते आणि विकायची तिला घाई नव्हती. घेणारी ब्लॉक डॉट वन ही कंपनी आभासी चलनाच्या विक्रीतून अब्जावधी डॉलर उभे करून बसलेली होती. या व्यवहारात फेरविक्रीचा धंदा करणारा माणूस नव्हताच. तरी त्यावरून ‘बेस्ट-व्हॉइस-ऑनलाइन’ छापाच्या नावाची किंमत ठरवणारे लोक आहेत!

आता मुख्य प्रश्न. नवख्याच्या पडेल भावानं बाजारभाव पडतो का? हे नाव कोणत्या जातीचं आहे त्यावर ठरतं, आणि तक्रारीत नेमका हाच भेद गाळलेला असतो. काही नावं एकासारखी एक असतात. कांद्याच्या ढिगातला हा कांदा घेतला काय नि तो घेतला काय, तसं. चार अक्षरी अर्थहीन नावं, पाच आकडी नावं, ही या जातीची. त्यांचा भाव सगळ्यांत उतावळा विक्रेता ठरवतो.

याचा धडा २०१५-१६ मध्ये चीनमुळे मिळाला. तिथला शेअर बाजार २०१५ च्या उन्हाळ्यात कोसळला. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात चिनी गुंतवणूकदार छोट्या डोमेन नावांवर तुटून पडले. नावांना ते ‘चिप्स’ म्हणत. पाच इंग्रजी स्वर आणि व्ही, ही सहा अक्षरं चिनी शब्दांच्या आद्याक्षरांत क्वचितच येतात, म्हणून ती नकोत. उरली वीस. त्यांतून चार अक्षरी नावं होतात १,६०,०००, आणि त्यातलं कुठलंही दुसऱ्याच्या जागी चालतं. आकड्यांत चार अशुभ, आठ शुभ. काही शे डॉलरची ही नावं वर्ष संपेतो दोन हजारांच्या वर गेली. ते पाहून चीनबाहेरचेही हौशी धावले. चार अक्षरी मिळेना तर पाच अक्षरी, डॉट कॉम मिळेना तर दुसरं शेपूट. २०१६ मध्ये भाव उतरले, नूतनीकरणाची बिलं आली, आणि ज्यांनी शेवटी घेतलं होतं त्यांनीच आधी विकायला काढलं. आम्हाला यात महत्त्वाचं हे वाटतं, की भाव चढवण्यातही नवखेच पुढे होते. त्या वेळी त्यांच्याविषयी तक्रार करणारे जुने व्यापारी मात्र फारसे दिसले नाहीत. तेव्हा ते त्यांनाच माल विकत होते.

दुसऱ्या जातीच्या नावांचं तसं नाही. एखाद्या कंपनीला स्वतःचंच नाव हवं असतं, तेव्हा शेजारचं स्वस्त नाव तिच्या उपयोगाचं नसतं. नवख्यानं ते तीनशेला दिलं तर नुकसान त्याचं एकट्याचं. ते नाव वापरात गेलं, बाजारातून उठलं. फार तर नेमबायोसारख्या विक्रीच्या नोंदींत एक कमी आकडा वाढतो आणि घासाघीस करणारा तो पुढे करतो. पण ज्याच्याकडे खरोखर दुसरं कुठेच न मिळणारं नाव आहे, तो अशा आकड्याला घाबरतो कशाला? घाबरत असेल तर त्याचं नाव त्याला वाटतं तितकं दुर्मीळ नाही.

तिसरी एक जात आहे, ती विकाऊ मालच नव्हे. २०२४ मध्ये जिओ आणि हॉटस्टार एकत्र येण्याच्या वेळी दोन्ही नावं जोडलेलं डोमेन एका तरुणानं आधीच घेऊन ठेवल्याची बातमी आपण सगळ्यांनी वाचली. परदेशी शिक्षणाचा खर्च त्यानं कंपनीकडे मागितला होता. पुढे ते नाव दुबईतल्या दोन लहान भावंडांकडे गेलं आणि त्यांनी ते फुकट द्यायची तयारी दाखवली. गोष्ट गोड आहे, पण दुसऱ्याच्या व्यापारचिन्हावर किंमत लावता येत नाही. त्यासाठी १९९९ पासून आंतरराष्ट्रीय तंटा-निवारणाची पद्धत आहे, डॉट इनसाठी भारताची वेगळी आहे, आणि तिथे हरलं तर नाव जातं.

राहिला तो, ज्याचा उल्लेख या तक्रारीत कधीच येत नाही. नाशिकला किंवा सांगलीत कुणी लोणच्यांचा धंदा काढतो. त्याला साधं, बोलता येईल असं नाव हवं असतं. ते कुणा हौशीनं धरून ठेवलेलं असतं आणि पानावर ४,८८८ डॉलर लिहिलेलं असतं. ही किंमत कुणीही कधी दिलेली नाही, देणारही नाही. तरी तिच्यामुळे हा माणूस मध्ये आडवी रेघ असलेलं, स्पेलिंग वाकडं केलेलं नाव घेतो आणि आयुष्यभर गिऱ्हाइकांना फोनवर समजावत बसतो. नवख्यांमुळे किमती पडल्या म्हणतात, त्या व्यापाऱ्यांच्या आपापसातल्या. याच्यासाठी त्या वाढल्याच.

अशा माणसाला आमचं सांगणं एवढंच, की लिहिलेला आकडा पाहून निघून जाऊ नका. नोंदणी कधी संपते ती तारीख कुणालाही बघता येते. तिच्या महिना-दोन महिने आधी परवडेल तो भाव लेखी कळवा, कारण त्याच वेळी विकणाऱ्यापुढे पुढच्या वर्षाचं बिल असतं. त्यानं मुदत चुकवली तर डॉट कॉमला साधारण ४५ दिवसांपर्यंत सवलतीचे, मग ३० दिवस दंड भरून सोडवून घेण्याचे आणि ५ दिवस नाव पुसलं जाण्याचे. त्याआधी नोंदणी कंपनी बहुतेक वेळा लिलाव पुकारते, आणि त्या लिलावात बोली लावायला दुसरा नवखा हजर असतो.