शोधयंत्र-अनुकूलनाची सूत्रे आणि मराठी संकेतस्थळे : एक चिकित्सा

प्रस्तावना :

संकेतस्थळ निर्माण करणे आणि ते वाचकापर्यंत पोहोचणे या दोन भिन्न गोष्टी होत. माहिती हवी असलेला वाचक बहुधा संकेतस्थळाचे नाव जाणत नाही. तो गूगलसारख्या शोधयंत्रास प्रश्न विचारतो व समोर आलेल्या पहिल्या काही पानांतून निवड करतो. आपले पान या निकालांत वर यावे यासाठी केल्या जाणाऱ्या उपायांना सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन किंवा शोधयंत्र-अनुकूलन असे म्हणतात. या विषयावरील मार्गदर्शनपर लेखन आज विपुल आहे. परंतु त्यातील सूत्रे प्रामुख्याने इंग्रजी भाषा गृहीत धरून घडलेली आहेत. ती मराठीस कितपत लागू पडतात, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

सूत्रांचा पूर्वेतिहास :

१९९८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज व सर्जी ब्रिन यांनी पेजरँक ही पद्धती मांडली. एका पानाने दुसऱ्या पानाकडे दिलेला दुवा म्हणजे एक प्रकारची शिफारस, आणि महत्त्वाच्या पानाची शिफारस अधिक मोलाची, हे तिचे तत्त्व होय. यातून व शब्दजुळणीच्या कल्पनेतून दोन लोकप्रिय सूत्रे निघाली : कळीचा शब्द पानावर वारंवार आणावा आणि शक्य तितके दुवे मिळवावेत. लवकरच या सूत्रांचा अतिरेक झाला. शब्द ठासून भरलेली पाने तयार झाली, दुव्यांची खरेदी-विक्री सुरू झाली.

शोधयंत्राने त्यावर क्रमाक्रमाने बंधने घातली. पानाच्या संहितेत दडवलेली कळीच्या शब्दांची यादी क्रमवारीसाठी विचारात घेतली जात नाही, असे गूगलने सप्टेंबर २००९ मध्ये स्पष्ट केले. फेब्रुवारी २०११ मधील पांडा या बदलाने सत्त्वहीन मजकुरास, तर एप्रिल २०१२ मधील पेंग्विनने कृत्रिम दुव्यांस लक्ष्य केले. मार्च २०२४ मध्ये केवळ क्रमवारीसाठी घाऊक प्रमाणात निर्माण केलेल्या मजकुराविरुद्धचे धोरण अधिक कडक झाले. या इतिहासातून एक गोष्ट सिद्ध होते : युक्त्या अल्पजीवी ठरल्या, स्पष्ट शीर्षक, सुसंगत उपशीर्षके, पानांमधील अंतर्गत दुवे आणि पान त्वरेने उघडणे ही साधी तत्त्वे मात्र टिकली.

मराठी शब्द आणि 'कळीचा शब्द' :

इंग्रजी नाम वाक्यात फारसे बदलत नाही. मराठी नाम मात्र विभक्तिप्रत्यय वा शब्दयोगी अव्यय लागताच सामान्यरूप धारण करते. 'आंबा' हा शब्द 'आंब्याची', 'आंब्यावरील', 'आंब्यांना' असा रूपे पालटतो. 'पुणे' हे 'पुण्यात', 'पुण्याहून' असे होते. अशा भाषेत एकच अक्षररचना अमुक वेळा आली पाहिजे, हा आग्रह व्याकरणाच्या मुळावर येतो. 'आंब्याच्या लागवडीसाठी योग्य जमीन' या सरळ रचनेऐवजी 'आंबा लागवड योग्य जमीन माहिती' अशी प्रत्ययहीन शब्दांची माळ शीर्षकात येते, आणि तीच पुढे परिच्छेदांतही शिरते. शोधयंत्रासाठी लिहिलेले हे मराठी कोणी बोलत नाही व लिहीतही नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये गूगलने वाक्यातील शब्दसंबंध जाणणारी बर्ट ही पद्धती शोधात आणल्याचे जाहीर केले; त्यानंतर तर या माळेचे समर्थन अधिकच दुर्बळ झाले आहे.

शब्दरूपांची विविधता नैसर्गिक लेखनातच सामावते. चांगल्या लेखात 'आंबा', 'आंब्याची लागवड', 'हापूस', 'कलमे', 'मोहोर' हे शब्द विषयाच्या ओघाने येतात. वाचक जे शब्द शोधतो ते यांतलेच असतात. तो अनेकदा रोमन लिपीतही प्रश्न टंकलिखित करतो, हे ध्यानात घेऊन पानाच्या पत्त्यात सुबोध रोमन रूप वापरणे सयुक्तिक ठरते. देवनागरी पत्ता चालतो. परंतु तो सांकेतिक रूपात गेल्यास प्रत्येक अक्षरचिन्हामागे नऊ चिन्हे होतात व पत्ता वाचता येत नाही.

लिपीचा प्रश्न :

मार्गदर्शनपर लेखनात सहसा न आढळणारा, परंतु मराठीसाठी मूलभूत असा प्रश्न लिपीसंकेतनाचा आहे. युनिकोडपूर्व फाँटांत साठवलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसला, तरी यंत्राच्या दृष्टीने ती रोमन चिन्हांची निरर्थक रांग असते. छायाचित्र म्हणून चढवलेल्या परिपत्रकातील अक्षरेही शोधात भरवशाने सापडत नाहीत. युनिकोडमध्येही सावधगिरी हवी. 'वाऱ्या' यातील अर्धा र दोन निरनिराळ्या संकेतक्रमांनी लिहिता येतो. दृष्टीस दोन्ही सारखेच, यंत्रास मात्र भिन्न. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखनविषयक नियमांचे पालन व एका संस्थेत एकच टंकनपद्धती, हे म्हणूनच शुद्धतेइतकेच शोधसुलभतेचेही साधन आहे.

वाहतूक हे साध्य की साधन :

संकेतस्थळावरील वर्दळ वाढणे हेच यश मानले, तर कुतूहल चाळवून उत्तर लांबवणारे लेखन फोफावते. सर्च कन्सोलसारख्या साधनातून पान किती वेळा दिसले, किती जणांनी उघडले व कोणता प्रश्न विचारून ते आले, हे कळते. पान पुष्कळदा दिसूनही उघडले जात नसेल, तर प्रथम शीर्षक व सारांश तपासावा. वाचक ज्या प्रश्नासह येतो त्याचे उत्तर पानावर नसेल, तर मजकूरच सुधारावा. मे २०२४ पासून अमेरिकेत व पुढे अन्य देशांत गूगल निकालांच्या वरच यंत्ररचित सारांश दाखवू लागले. सामान्य माहितीसाठी पान उघडण्याची गरजच त्यामुळे उणावू शकते. अशा स्थितीत अन्यत्र न मिळणारी, अनुभवसिद्ध व स्थानिक माहिती हीच संकेतस्थळाची खरी पुंजी ठरते.

समारोप :

शोधयंत्र-अनुकूलन त्याज्य नाही. ग्रंथालयात ग्रंथास विषयवार क्रमांक देण्याइतकेच ते आवश्यक आहे. मात्र सूचीकाराच्या सोयीसाठी ग्रंथच विद्रूप करणे कोणी मान्य करणार नाही. मराठी ज्ञान शोधात सापडले नाही तर ते नसल्यासारखेच ठरते. आणि सापडावे म्हणून ते मोडक्या मराठीत लिहिले, तर सापडूनही उपयोग होत नाही. युनिकोड मजकूर, नियमबद्ध लेखन, अर्थवाही शीर्षके आणि वाचकाच्या प्रश्नाचे नेमके उत्तर हीच मराठी संकेतस्थळांसाठी सर्वांत व्यवहार्य सूत्रे होत.